नाही म्हणायलाही अभ्यास लागतो

दांडिया बाजारातले वाडे पडून तिथे फ्लॅट उभे राहिले, तरी बडोद्याच्या मराठी घरांतला एक वाद पिढ्यान्‌पिढ्या तसाच चालू आहे. आजोबा गेल्याची तार यायच्या आधीच आजीला कळलं होतं, असं कुणीतरी सांगतं. समोरचा इंजिनिअर नातू मान हलवतो आणि म्हणतो, "योगायोग." तेवढ्यावर विषय संपतो. आजी गप्प बसते आणि नातवाला वाटतं, विज्ञान जिंकलं. हा लेख त्या नातवासाठी आहे. आजीला माझ्या मदतीची गरज नाही.

अतींद्रिय शक्ती सिद्ध झाल्या आहेत असं माझं म्हणणं नाही. माझा जन्म संख्याशास्त्र शिकवण्यात गेला आणि पुराव्याच्या बाबतीत माझा हात आखडताच आहे. पण टेलिपथी, पूर्वसूचना, प्लँचेट, पुनर्जन्माच्या आठवणी असले विषय निघाले की न मानणारे जी ठरावीक वाक्यं टाकतात, त्यांतली काही तपासायला घेतली तर टिकत नाहीत. त्यांचा निष्कर्ष बरोबर असेलही. पण उत्तर बरोबर आणि रीत चुकीची असेल, तर गणिताचा मास्तर पूर्ण गुण देत नसतो.

सगळ्यांत सोपं वाक्य म्हणजे "हे सगळे भोंदू." भोंदू आहेतच, आणि भरपूर आहेत. पण त्यांना पकडलं कुणी, हे पाहण्यासारखं आहे. 1882 साली लंडनमध्ये या विषयाच्या अभ्यासासाठी सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च स्थापन झाली. दोनच वर्षांत तिने रिचर्ड हॉजसन नावाचा माणूस मद्रासजवळ अड्यारला पाठवला. थिऑसॉफिकल सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या मादाम ब्लाव्हाट्स्कींकडे अदृश्य महात्म्यांची पत्रं चमत्काराने प्रकट होतात, असा बोलबाला होता. हॉजसनने चौकशी करून 1885 मध्ये त्यांना सरळ तोतया ठरवलं. म्हणजे या क्षेत्रातली पहिली मोठी झडती याच क्षेत्राच्या संस्थेने घेतली, तीही आपल्या देशात. (शंभर वर्षांनी, 1986 मध्ये, त्याच सोसायटीच्या नियतकालिकात हॉजसनच्या अहवालावरही टीका छापून आली. स्वतःच्या निकालाची फेरतपासणी करणारी मंडळी भोंदूंमध्ये फारशी आढळत नाहीत.) अमेरिकेत परामानसशास्त्राचे, म्हणजे अतींद्रिय शक्तींच्या प्रयोगी अभ्यासाचे, संशोधक जे. बी. ऱ्हाइन यांच्या संस्थेचे संचालक वॉल्टर लेव्ही 1974 साली आकड्यांत फेरफार करताना सापडले, ते त्यांच्याच सहकाऱ्यांना. ऱ्हाइन यांनी त्यांना काढलं आणि झाला प्रकार छापून जाहीर केला. इंग्लंडमधल्या सॅम्युएल सोल यांचे 1940 च्या दशकातले प्रयोग पुष्कळ वर्षं नमुनेदार मानले जात. त्यांतली लबाडी बेटी मार्कविक यांनी 1978 मध्ये उघडकीला आणली, आणि त्याही सोसायटीच्याच सभासद होत्या.

दुसरी बाजूही सांगायला हवी. 1979 ते 1983 या काळात जेम्स रँडी या जादूगाराने दोन तरुण जादूगार एका अमेरिकन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत सिद्धी असलेले म्हणून पाठवले आणि तिथल्या शास्त्रज्ञांना बराच काळ चकवलं. शास्त्रज्ञ फसतात, आणि हातचलाखी ओळखण्यात जादूगार त्यांच्यापेक्षा हुशार असतो, हे मला बिनशर्त मान्य आहे. पण अमुक ठिकाणी लबाडी झाली म्हणून तमुक ठिकाणीही झालीच असणार, हा न्याय आपण इतरत्र लावत नाही. डीडरिक स्टापेल या डच मानसशास्त्रज्ञाने बनावट आकडे वापरल्याचं 2011 मध्ये उघड झालं आणि पुढे त्याचे 58 निबंध मागे घ्यावे लागले. म्हणून कुठल्या विद्यापीठाने मानसशास्त्राचा विभाग बंद केल्याचं ऐकिवात नाही. लबाडीचा आरोप करायचा तर तो त्या त्या ठिकाणी दाखवून द्यावा लागतो. आणि तार येण्याआधी उठून बसलेल्या आजीला त्या आरोपात कुठे बसवायचं? तिने कुणाकडून दक्षिणा घेतली होती?

आता खास बडोद्याची गोष्ट, कारण या शहराला या विषयाचा चांगला इतिहास आहे आणि आम्ही बडोदेकर तो विसरलो आहोत. श्री अरविंद 1893 ते 1906 बडोदा संस्थानच्या नोकरीत होते. खासेराव जाधवांच्या ज्या बंगल्यात ते राहत, तो दांडिया बाजारात आज अरविंद निवास म्हणून उभा आहे. त्यांचा धाकटा भाऊ बारीन बडोद्याला आला तेव्हा त्याला प्लँचेटचा आणि आपोआप लिहिण्याचा नाद लागला. एका बैठकीत त्यांनी आपल्या वडिलांच्या, डॉ. कृष्णधन घोषांच्या आत्म्याला बोलावलं. खूण मागितल्यावर, लहानपणी मी तुला सोन्याचं घड्याळ दिलं होतं, असं उत्तर आलं. बारीन ते विसरून गेला होता. पुढे देवधर नावाच्या इंजिनिअरच्या घरातल्या भिंतीवर अमुक चित्र आहे, असं सांगण्यात आलं. माणूस पाठवला, तर चित्र नाही. पुन्हा विचारलं, तर पुन्हा बघा असं उत्तर. शेवटी देवधरांच्या म्हाताऱ्या आईकडे चौकशी केली तेव्हा ती म्हणाली, चित्र होतं खरं, पण आता चुन्याखाली गेलं. टिळकांविषयी विचारलं तेव्हा, सगळं काम उद्ध्वस्त होईल आणि पुष्कळांच्या माना खाली जातील तेव्हा हा माणूस मान ताठ ठेवील, अशा अर्थाचं उत्तर मिळालं. पुढे मंडाले झालं.

न मानणारा इथेही "योगायोग" म्हणणार. माझ्या मते त्याने इथे तो शब्द वापरू नये, कारण त्याच्याकडे त्याहून चांगले प्रश्न आहेत. ही हकिगत त्याच दिवशी कुणी लिहून ठेवली होती का, की पुष्कळ वर्षांनी आठवणीतून सांगितली गेली? ती आपल्यापर्यंत आठवणीतूनच आली आहे, आणि आठवण दर वेळी गोष्टीला थोडी अधिक गोल करत जाते. बडोद्याच्या मराठी अधिकारी मंडळींत देवधरांच्या घराविषयी कधी काही बोलणं झालं असेल का, जे बारीनच्या कानावर पडून विसरलं गेलं? त्याच बैठकांत किती उत्तरं साफ चुकली? ती कुणी सांगितली नाहीत, आणि चुकलेली उत्तरं हाती नसतील तर बरोबर आलेल्या उत्तरांचं वजन काढता येत नाही. टिळकांविषयीचं वाक्य तर, त्यांना थोडंफार ओळखणारा कुणीही लिहू शकला असता.

इथे दोन प्रश्नांची नेहमी गल्लत होते. प्लँचेट हलवतं कोण, हा एक प्रश्न. त्याचं उत्तर मायकेल फॅरडेने 1853 मध्येच दिलं. टेबल फिरवणाऱ्या लोकांच्या हातांखाली त्याने सरकणाऱ्या पुठ्ठ्यांचे थर ठेवले आणि दाखवून दिलं की टेबल हेच लोक ढकलतात, फक्त त्यांना ते कळत नाही. माहिती येते कुठून, हा दुसरा प्रश्न, आणि त्याला फॅरडेचा प्रयोग शिवतही नाही. हात बारीनचाच होता हे दाखवलं, म्हणून चुन्याखालचं चित्र त्याला कसं कळलं याचा उलगडा होत नाही. फॅरडेचं नाव घेऊन बैठक मोडणाऱ्यांना हा फरक क्वचितच दिसतो.

स्वतः अरविंद काय म्हणाले? अशा लिखाणात कधीकधी बाहेरच्या सत्तेचा हात असावा असं वाटण्यासारखं काही आढळतं, पण त्यातलं बहुतेक आपल्याच अंतर्मनातल्या नाटकी भागाची करामत असते, असं त्यांचं मत झालं, आणि त्यांनी तो नाद सोडला. केंब्रिजला शिकलेल्या माणसाने बैठकींना स्वतः बसून, खरं निघालेलं आणि फोल ठरलेलं दोन्ही पाहून बनवलेलं हे मत आहे. पुढे 1908 च्या सुरुवातीला याच शहरात, सरदार मजुमदारांच्या वाड्यातल्या वरच्या खोलीत, ग्वाल्हेरहून आलेल्या विष्णु भास्कर लेले या मराठी योग्याबरोबर ते तीन दिवस बसले आणि त्यांचं मन पूर्ण निःशब्द झालं असं ते सांगत. त्या अनुभवाला ना योगायोग लागू पडतो ना लबाडी. पण त्यातून बाहेरच्या जगाविषयी काही सिद्धही होत नाही, म्हणून मी तो इथे बाजूला ठेवतो.

योगायोगाला मी इतका वेळ टोकतो आहे, तर त्याची खरी ताकदही दाखवली पाहिजे. माझ्या पाहण्यात हा आक्षेप फेकणाऱ्यांपैकी हिशेब करणारे फार थोडे. बडोद्यात दहा लाख प्रौढ माणसं धरा. 2011 च्या जनगणनेत शहराची वस्ती 16 लाखांच्या वर होती. प्रत्येकाला दहा वर्षांतून एकदाच एखाद्या वडीलधाऱ्याच्या मृत्यूचं ठसठशीत स्वप्न पडतं असं समजा. म्हणजे वर्षाला एक लाख स्वप्नं झाली. ज्या वयाच्या माणसांविषयी अशी स्वप्नं पडतात, त्यांच्यातलं कुणी नेमकं दुसऱ्या दिवशी जाण्याची शक्यता दहा हजारांत एक धरली, तरी दर वर्षी दहा बडोदेकरांचं स्वप्न अगदी नेमकं खरं ठरेल. निव्वळ हिशेबाने. त्या दहांपैकी एकही खोटं बोलत नसेल आणि प्रत्येकाची गोष्ट त्याच्या घरात तीन पिढ्या सांगितली जाईल. उरलेली नव्व्याण्णव हजार नऊशे नव्वद स्वप्नं चहाबरोबर विसरली जातील. माझी गृहीतकं कुणी बदलून पाहावीत. आकडा दहाचा पाच होईल किंवा पन्नास होईल. शून्य होणार नाही.

हा हिशेब नातवाने आजीसमोर मांडला असता, तर मला त्याचं कौतुक वाटलं असतं. कारण मग पुढचा प्रश्न आपोआप आला असता: प्रत्यक्षात घडणाऱ्या घटना या हिशेबापेक्षा जास्त आहेत का? हे मोजायचा प्रयत्न झालेला आहे. त्याच लंडनच्या सोसायटीने 17,000 माणसांना विचारून 1894 मध्ये एक अहवाल छापला. जागेपणी एखाद्या ओळखीच्या माणसाचा भास होणं आणि त्याच सुमारास तो माणूस मरणं, हे योगायोगाने 19,000 भासांत एकदा व्हावं असा त्यांचा हिशेब होता. त्यांना ते 43 भासांत एकदा आढळलं. एवढी मोठी तफावत योगायोग या शब्दाने बुजत नाही. तिथे दुसराच आक्षेप कामाला येतो, आठवणीचा. लोकांनी कित्येक वर्षांपूर्वीचे भास सांगितले होते. जुळलेले भास लक्षात राहतात आणि न जुळलेले पुसले जातात, त्यामुळे एकूण भासांचा, म्हणजे छेदातला, आकडा आपोआप लहान होतो. मला स्वतःला ही आठवणीची शंका पुरेशी वाटते. पण म्हणजे योगायोगाने काम भागलं नाही. ज्या आक्षेपाने काम झालं त्याचंच नाव घ्यावं, एवढीच माझी मागणी.

मग येतो प्रयोगशाळेचा मुद्दा. "खरं असेल तर प्रयोगात पुन्हा पुन्हा का दिसत नाही?" प्रश्न रास्त आहे, पण विचारणाऱ्याला पुष्कळदा असं वाटत असतं की प्रयोग कुणी केलेच नाहीत. ऱ्हाइन यांनी 1930 च्या दशकात ड्यूक विद्यापीठात पाच चिन्हांच्या 25 पत्त्यांवर हजारो चाचण्या घेतल्या. आपल्याकडे विशाखापट्टणच्या आंध्र विद्यापीठात के. रामकृष्ण राव यांच्या पुढाकाराने परामानसशास्त्राचा विभागच होता. 1970 च्या दशकापासून गांझफेल्ड नावाची पद्धत आली. एका माणसाच्या डोळ्यांवर पिंगपाँगच्या चेंडूची अर्धुकं लावायची, लाल उजेड सोडायचा, कानात एकसुरी खरखर ऐकवायची. दुसऱ्या खोलीतला माणूस एक चित्र पाहत बसतो. नंतर पहिल्याने चार चित्रांतून ते ओळखायचं. योगायोगाने शेकड्यात 25 वेळा बरोबर यायला हवं. 1994 मध्ये डॅरिल बेम आणि चार्ल्स हॉनर्टन यांनी मोठ्या कसोशीने केलेल्या प्रयोगांचे आकडे मांडले, ते सुमारे 32 निघाले. 1999 मध्ये मिल्टन आणि वाइजमन यांनी नंतरचे 30 प्रयोग एकत्र केले, तर फरक जवळजवळ नाहीसा झाला. पुढच्या आढाव्यांत तो पुन्हा दिसू लागला.

या भांडणात मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट 1986 ची आहे. टीकाकार रे हायमन आणि समर्थक हॉनर्टन यांनी एकत्र बसून एक संयुक्त निवेदन लिहिलं: आपलं कशावर एकमत आहे, कशावर नाही, आणि यापुढचा प्रयोग कसा केला तर दोघांनाही मान्य होईल. आमच्या गणेशोत्सवातल्या परिसंवादात असं काही घडल्याचं आठवत नाही. पुढे अमेरिकन गुप्तचर खात्याच्या पैशावर वीसेक वर्षं चाललेल्या दूरदर्शनाच्या (टीव्ही नव्हे, बसल्या जागी दूरचं दिसण्याच्या) प्रयोगांचा 1995 मध्ये आढावा घेतला गेला. त्यात हायमन यांच्यासमोर संख्याशास्त्रज्ञ जेसिका अट्स होत्या, ज्या 2016 मध्ये अमेरिकन संख्याशास्त्र संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. अट्स म्हणाल्या, परिणाम सिद्ध झाला आहे. हायमन म्हणाले, आकडे योगायोगाने आलेले नसावेत हे मान्य, पण म्हणून अतींद्रिय शक्ती मानायची घाई करू नका, दोष अजून सापडायचा असेल. हेरगिरीला त्या माहितीचा उपयोग झाला नाही, असा आढाव्याचा निष्कर्ष निघाला आणि कार्यक्रम बंद झाला. मी हायमन यांच्या बाजूला झुकतो. मात्र आपल्या चर्चांमधला संशयवादी जे बोलतो ते हायमन यांचं म्हणणं नसतं. हायमन यांनी आकडे वाचले होते.

बेम यांचंच पुढचं प्रकरण दोन्ही पक्षांना अडचणीचं आहे. 2011 मध्ये त्यांनी हजाराहून अधिक विद्यार्थ्यांवरचे नऊ प्रयोग एका अग्रगण्य नियतकालिकात छापले आणि भविष्यातल्या घटनेचा परिणाम आधीच जाणवतो असा दावा केला. इतरांनी ते प्रयोग करून पाहिले, जमले नाहीत. तो निबंध ज्यांनी छापला त्यांनी हे अपयश छापायला नकार दिला, म्हणून ते दुसरीकडे छापावं लागलं. मानणाऱ्यांनी इथे मान खाली घालावी. पण गोष्ट इथे संपली नाही. बेम यांनी वापरलेली रीत त्या काळच्या मानसशास्त्रात सर्रास चालणारी होती. रीत अशी असेल की तिने काहीही सिद्ध होतं, तर बाकीचं मानसशास्त्र तरी कितपत भरवशाचं? या धक्क्याने चाळवलेल्या लोकांनी 2015 मध्ये शंभर नामांकित प्रयोग पुन्हा करून पाहिले, तर शेकडा 36 च ठळकपणे जमले. म्हणजे पुन्हा न जमणं हा एकट्या परामानसशास्त्राचा रोग नव्हता. त्याचं निदान मात्र परामानसशास्त्रावरून झालं. प्रयोगाचा आराखडा आकडे हाती येण्याआधीच नोंदवून ठेवावा, हा आजचा शिरस्ता परामानसशास्त्राच्या एका युरोपीय नियतकालिकाने 1976 मध्येच सुरू केला होता. पत्ते यदृच्छेने पिसून संभाव्यतेचा हिशेब लावणं शार्ल रिशे यांनी टेलिपथीच्या प्रयोगांत 1884 साली केलं. हेच रिशे पुढे ॲलर्जीच्या तीव्र धक्क्यावरच्या संशोधनासाठी नोबेल मिळवून गेले.

अतींद्रिय शक्ती चाचणीत दाखवणाऱ्याला रँडी यांनी ठेवलेल्या दहा लाख डॉलरच्या बक्षिसाचा मुद्दा लवकर आटोपतो. "इतकी वर्षं बक्षीस होतं, कुणी का जिंकलं नाही?" जो म्हणतो मी चमचा वाकवतो, विहिरीचं पाणी सांगतो, हवं तेव्हा मनातलं ओळखतो, त्याच्यासाठी हे उत्तर पुरेसं आहे आणि रँडी यांनी असे पुष्कळ उघडे पाडले. पण प्रयोगशाळेतला दावा 25 च्या जागी 32 असा आहे. पहिल्या फेरीसाठीच, नुसत्या योगायोगाने जमण्याची शक्यता साधारण हजारात एक असावी, इतकी कडक अट होती. एवढा बारीक फरक त्या अटीत खात्रीने उतरवायला माझ्या हिशेबाने 600 च्या आसपास सत्रं लागतील, एकेक तासाभराचं. बक्षिसाच्या मांडवात तेवढा वेळ कुणाला असतो? हृदयविकारावर ॲस्पिरिनचा उपयोग होतो हे दाखवायला 22,000 अमेरिकन डॉक्टरांवर चाचणी करावी लागली होती. एका दुपारी वीस रुग्ण बोलावून तेच बक्षीस ॲस्पिरिनलाही मिळालं नसतं.

ॲस्पिरिन निघालंच आहे तर भौतिकशास्त्राच्या आक्षेपाकडे येऊ. "असं घडायला काही यंत्रणाच नाही." ॲस्पिरिन 1899 पासून विकलं जात होतं, ते काम कसं करतं हे जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये शोधलं. मधली सत्तर वर्षं लोकांची डोकेदुखी यंत्रणेवाचून थांबत होती. यंत्रणा ठाऊक नसणं हा मोठा पुरावा नाही. उलट चुकीच्या यंत्रणेच्या मागे लागूनही माणसं कुठे पोचतात पाहा. जर्मन डॉक्टर हान्स बर्गर तरुणपणी सैन्यात असताना घोड्यावरून पडून मरता मरता वाचले. त्याच दिवशी दूर घरी बहिणीला भावावर संकट आल्याचं वाटलं आणि वडिलांनी खुशाली विचारायला तार केली. मेंदूतून काहीतरी बाहेर जातं का, या ध्यासाने बर्गर यांनी आयुष्य घालवलं. टेलिपथी त्यांना सापडली नाही. मेंदूच्या विद्युतलहरी सापडल्या, आणि आज फिट येणाऱ्या रुग्णाचा ईईजी काढला जातो.

तरीही सांगतो, सगळ्या आक्षेपांत हाच वजनदार आहे. रोजच्या आकाराच्या जगात कोणती बलं काम करतात हे भौतिकशास्त्राने इतक्या बारकाईने मोजलं आहे की एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात भिंतीपलीकडे चित्र नेणारं बल त्यात लपून राहणं फार अवघड आहे. म्हणून पुरावा भक्कम हवा, अगदी दगडी हवा. पण पुरावा बघायचाच नाही, हे यातून निघत नाही. आणि मानणाऱ्यांनो, या ठिकाणी "क्वांटम" हा शब्द काढू नका. तो उच्चारणाऱ्याकडून एक समीकरण लिहून घ्यायचा नियम केला, तर आपले निम्मे आध्यात्मिक सेमिनार ओस पडतील.

नागपूरचं एक प्रकरण जुन्या वाचकांना आठवत असेल. 1974 मध्ये तिशी ओलांडलेली एक मराठी अविवाहित बाई अधूनमधून स्वतःला शारदा म्हणवू लागली. त्या काळात तिला मराठी कळेना. ती बंगाली बोले आणि दीडशे वर्षांपूर्वीच्या बंगालमधल्या घरादाराची माहिती सांगे. तिने सांगितलेली काही नावं तिथल्या एका घराण्याच्या वंशावळीशी जुळत होती. व्हर्जिनिया विद्यापीठाचे इयन स्टीव्हन्सन, बंगळुरूच्या सतवंत पसरिचा आणि मराठी मानसशास्त्रज्ञ प्रा. अकोलकर यांनी हे प्रकरण वर्षानुवर्षं तपासलं. इथे भोंदू हा शब्द लागत नाही आणि योगायोगाने कुणी बंगाली बोलत नाही. विचारायचं ते हे, की त्या बाईला आधी किती बंगाली येत होतं आणि ते कुठून आलं. बंगालची ओढ तिला होती, लिपीची थोडी ओळखही होती. शिकलेलं आणि मग विसरलेलं मन पुन्हा वर आणतं, हे उत्तर मला पुनर्जन्मापेक्षा जवळचं वाटतं. पण हे माझं झुकतं माप आहे, आणि ते झुकतं आहे हे मी विसरत नाही.

नाही म्हणावं तर कसं, याचा नमुना आपल्याच भाषेत आहे. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी 2008 मध्ये ज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार मुलांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर पत्रिका जमवल्या आणि प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या 40 देऊन कुठली कुणाची ते विचारलं. 27 जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी 46 टक्के बरोबर, म्हणजे छापाकाटा केला असता तरी एवढं जमलं असतं. यात कुणाची टिंगल नाही, कुणाला भोंदू म्हटलेलं नाही. एक दावा घेतला, मोजला आणि निकाल छापला.

उरतो शेवटचा आक्षेप, आणि तो तर्कापेक्षा काळजीपोटी येतो: असल्या चर्चेने बुवाबाजीला रसद मिळते. दाभोलकरांचा ज्या देशात खून होतो तिथे ही काळजी हसण्यावारी नेण्याजोगी नाही. महाराष्ट्रात 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, गुजरातमध्ये 2024 मध्ये. दोन्ही हवेच होते. पण रसद कशाने मिळते हे एकदा नीट पाहा. वेल्समधल्या डेवी रीस या डॉक्टरने 293 विधवा-विधुरांना विचारून 1971 मध्ये आपली पाहणी छापली. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना गेलेल्या जोडीदाराचं अस्तित्व जाणवत होतं. कुणाला आवाज येई, कुणाला तो दिसे. त्यांतल्या चौथ्या हिश्श्याहून थोड्या अधिक लोकांनीच हे कधी कुणाला सांगितलं होतं. बहुतेकांना त्या अनुभवाने धीर मिळत होता. आता बडोद्यातली अशी एखादी बाई घ्या. नवऱ्याची चप्पल रात्री वाजते, असं तिने मुलाला सांगितलं तर तो हसेल, डॉक्टरला सांगितलं तर गोळी मिळेल. न हसता, न घाबरवता ऐकून घेणारा एकच माणूस तिला ठाऊक असतो, दाणे टाकून बघणारा भुवा. तो ऐकतो आणि मग बिल लावतो. या बाईला भुव्याकडे कुणी ढकललं, हा प्रश्न मला नातवाला विचारायचा आहे.

करता येण्याजोगं काहीतरी सुचवतो. 1966 मध्ये वेल्समधल्या ॲबरफॅन गावी कोळशाच्या खाणीतल्या मातीचा ढीग शाळेवर कोसळून 144 माणसं गेली, त्यांत 116 मुलं. आपल्याला हे आधी जाणवलं होतं असं नंतर पुष्कळांनी सांगितलं. तेव्हा जॉन बार्कर या मनोविकारतज्ज्ञाने एका वर्तमानपत्राच्या मदतीने पूर्वसूचना आधीच नोंदवून घेणारं कार्यालय काढलं. शेकडो अंदाज आले. खरे ठरले म्हणावेत असे मोजकेच, आणि त्यांतले बहुतेक दोघांनीच पाठवलेले. काम चोख झालं असं नाही, पण कल्पना बरोबर होती. आपल्या मराठी मंडळाने तेवढंच करावं. ज्याला स्वप्न पडलं, हुरहुर लागली, दृष्टांत झाला, त्याने घटना घडायच्या आधी कागदावर लिहावं: कोण, काय, कधीपर्यंत. "काहीतरी वाईट होणार आहे" असलं काही चालणार नाही. तारीख-वेळेचा शिक्का मारून, पाकीट बंद करून पेटीत टाकायचं. मुदत संपली की फोडायचं, आणि न जुळलेलं पाकीटही जुळलेल्याइतक्याच मोठ्या अक्षरात फलकावर लावायचं. पाच वर्षांनी बडोद्याचा स्वतःचा आकडा हाती येईल. पेटीला दोन कुलपं हवीत. एकाची किल्ली मानणाऱ्याकडे राहील, दुसऱ्याची न मानणाऱ्याकडे, आणि पेटी उघडताना दोघंही हजर पाहिजेत.